श्रूसबेरीचं माहेर

पुण्यात ईस्ट स्ट्रीटवर कयानी बेकरीच्या श्रूसबेरी बिस्किटांसाठी रांगेत माझं निम्मं बालपण गेलंय. त्यामुळे बर्मिंगहॅमहून निघालेली गाडी तासाभराने थांबली आणि फलाटावर 'श्रूझबरी' अशी पाटी दिसली, तेव्हा आधी तोंडाला पाणी सुटलं.

हे श्रॉपशायर काउंटीचं मुख्य गाव. सेव्हर्न नदीने असा विळखा घातलाय की जुनं गाव जवळपास बेटच. एका अंगाला इंग्लिश ब्रिज, दुसऱ्या अंगाला वेल्श ब्रिज. वेल्सची हद्द इतकी जवळ. चौकात रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा. हा इथला खासदार होता म्हणे. मी तिथे फोटो काढला नाही.

नावाचा घोळ इथे जुनाच. गावाला कुणी श्रूझबरी म्हणतं, कुणी श्रोझबरी, आणि त्यावरून वाद घालतात. घरमालकीणबाईंनी विचारलं, "तुम्ही काय म्हणता?" म्हटलं, "आम्ही श्रूसबेरी म्हणतो आणि चहात बुडवतो."

काउंटीचंही तेच. मूळ सॅक्सन नाव नॉर्मनांच्या जिभेला वळेना, त्यातून 'सॅलॉप' निघालं. १९७४ साली तेच सरकारी नाव झालं, १९८० साली परत श्रॉपशायर. फ्रेंचमध्ये त्याच्यासारखाच एक शब्द बाईला द्यायची शिवी आहे, हेही एक कारण सांगतात. तरी इथली माणसं अजून स्वतःला सलोपियन म्हणवतात. १८०९ साली इथे जन्मलेला डार्विनही सलोपियनच. आणि 'श्रॉपशायर ब्लू' हे निळ्या रेषांचं केशरी चीज? ते पहिल्यांदा बनलं स्कॉटलंडात!

गावाबाहेर पडलं की कुंपणांच्या झुडपांनी आखलेली शेतं, मेंढ्या आणि रेकिन. टेकडी जेमतेम ४०७ मीटरची, पण सपाटीतून एकदम उठलेली, त्यामुळे लांबूनही दिसते. चुकीच्या बसमध्ये बसून मी दोन तास उशिरा परतलो, तर बाई म्हणाल्या, "सगळ्या रेकिनला वळसा घालून आलात की!" म्हणजे आपला द्राविडी प्राणायाम.

शेवटी एका चहाच्या दुकानात इथलं बिस्किट मिळालं. पातळ, लिंबाच्या वासाचं, मध्ये मनुका. वाईट नव्हतं. पण चहात घातल्यावर ते विरघळेना, आणि बोटांना लोणीही लागेना.

रात्री स्टीलच्या डब्यातून पुण्याहून आणलेली चार बिस्किटं बाईंपुढे ठेवली. त्यांनी एक खाल्लं, लगेच दुसरं उचललं.

"छान आहे हो. याला काय म्हणतात?"