इंग्लंडातल्या विल्टशायरमध्ये पूर्वज शोधताना: आधी चिपेनहॅम, मग गाव

"गावच्या चर्चमध्ये जा, सगळी नावं मिळतील" हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो चुकीचा आहे. खेड्यातल्या चर्चला बऱ्याचदा कुलूप असतं, एकच व्हिकर (चर्चचा पाद्री) चार-पाच गावं सांभाळतो आणि बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांची जुनी रजिस्टरं त्याच्याकडे नसतातच. 1978 च्या चर्च कायद्यानंतर ती काउंटीच्या (जिल्ह्याच्या) अभिलेखागारात जमा झाली. विल्टशायरचं अभिलेखागार चिपेनहॅम स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर आहे. पहिला मुक्काम तिथेच करा.

खडकी किंवा देवळालीच्या छावणीतल्या गोऱ्या शिपायापासून मागे जाणाऱ्यांनी त्याचं गाव आधी लंडनमध्ये पक्कं करावं. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत आहेत. शिपायाच्या निवृत्तीचे कागद लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात असतात आणि त्यांत जन्माची पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावभाग, लिहिलेली असते. पॅरिशचं नाव हाती नसेल तर विल्टशायरला जाण्यात अर्थ नाही.

चिपेनहॅमला जागा आधी आरक्षित करा आणि वाचक-कार्डाचा अर्ज घरूनच ऑनलाइन भरा. नुसत्या पासपोर्टवर भागत नाही, नाव-पत्ता असलेलं बँकेचं स्टेटमेंटही जवळ ठेवा. पेन चालत नाही, पेन्सिल न्या. फोटो काढायचे पैसे वेगळे पडतात, दर आधीच विचारून घ्या. 1837 नंतरच्या जन्मांसाठी पूर्वज शोधून देणाऱ्या एजंटला एक पौंडही देऊ नका. सरकारी जन्मनोंदणीच्या निर्देशांकात आईचं माहेरचं आडनाव फुकट दिसतं, आणि एजंट तेच विकतात.

1813 पासूनची बाप्तिस्म्याची रजिस्टरं छापील रकान्यांची आहेत. पानावर आठ नोंदी असतात आणि वडिलांचा धंदा, राहण्याचं ठिकाण हेही मिळतं. त्याआधी सगळं पाद्रीबुवांच्या मर्जीवर, आणि 1733 पर्यंत काही ठिकाणी लॅटिनमध्ये. 1653 ते 1660 मधल्या नोंदी अनेक ठिकाणी तुटक आहेत. पानं गहाळ असतील तर बिशपकडे दरवर्षी जाणाऱ्या नकला मागवा, त्या याच इमारतीत आहेत.

सगळ्यात जास्त माणसं चुकतात ती तारखांत. 1752 च्या आधी इंग्लंडात वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. लग्न ऑक्टोबर 1720 चं आणि मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी 1720 चा दिसला, तर मूल लग्नाआधीचं नाही. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने 1721 चा. दुसरा खड्डा नावांचा. तान्हं मूल गेलं की तेच नाव पुढच्या मुलाला दिलं जाई, म्हणून प्रत्येक बाप्तिस्म्यानंतर दफनांची वही पाहिल्याशिवाय पुढे सरकू नका.

घराणं शेतमजुरांचं असेल तर रजिस्टरांपेक्षा गरिबांच्या मदतीचे कागद मोलाचे. 1662 च्या कायद्यानंतर परगावचा गरीब माणूस मूळ पॅरिशमध्ये परत धाडला जाई. त्याच्या जबानीत जन्म कुठला, चाकरी कुणाकडे, पगार किती, हे सगळं येतं. अविवाहित माणसाने वर्षभर चाकरी केली की त्या गावात मदतीचा हक्क लागे, म्हणून मालक 51 आठवड्यांवर कामावरून काढत. मजुराचं आयुष्य इतकं सविस्तर दुसऱ्या कुठल्याच कागदात सापडत नाही. हे कागद चाळल्याशिवाय चिपेनहॅम सोडू नका.

आता गाव. बस कमी, रविवारी बहुतेक ठिकाणी नाहीच. टॅक्सी घेतलीत तर परतीचं आणि थांबण्याचं भाडं धरून एकूण आकडा बसण्याआधी ठरवा, नाहीतर चर्चबाहेर उभी गाडी दिवसाचं बजेट खाते. बसथांब्यापासूनचा रस्ता हा या प्रवासातला सगळ्यात वाईट भाग. फुटपाथ नाही, दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच कुंपणझाडं, वळणापलीकडचं दिसत नाही आणि मोटारींना ताशी 60 मैलांची मुभा. नकाशात अंतर किरकोळ वाटतं, त्यावर जाऊ नका. ऑर्डनन्स सर्व्हेचा 1:25,000 चा नकाशा घ्या आणि हिरव्या तुटक रेषांच्या पायवाटेने शेतातून जा. चिखल असतोच. रस्त्यानेच जावं लागलं तर उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला.

स्मशानात फार आशा धरू नका. मजुरांना दगड परवडत नसे, लाकडी फळ्या केव्हाच कुजल्या. जे दगड आहेत त्यांवरचं शेवाळ खरवडू नका, तारेच्या ब्रशने अक्षरंही जातात. टॉर्च दगडाला चिकटवून बाजूने तिरका धरा, झिजलेली अक्षरं सावलीत उठून दिसतात. चर्च आतून पाहायचं असेल तर चर्चवॉर्डनला (चर्चची देखभाल पाहणाऱ्या गावकऱ्याला) दोन दिवस आधी फोन करा. नंबर बहुधा दारावरच्या सूचनाफलकावर असतो, पण तिथे पोचल्यावर तो काय कामाचा? आधीच शोधून ठेवा.