तडकलेला बर्फ, शिसवी आणि आपला पावसाळा

गेल्या जूनमध्ये मी चिनी नक्षीचे पहिले चार लाकडी कोस्टर, म्हणजे कपाखाली ठेवायचे चौकोन, केले आणि जुलै उजाडेपर्यंत चारही वाकले. म्हणजे टेबलावर ठेवले की कोपरे वर आणि पोट खाली, कप ठेवला की डुगडुग. इतकी हिरमुसले होते ना, कारण एकेका कोस्टरमागे दोन-दोन रविवार गेले होते.

चूक माझीच होती. सहा मिलीच्या एमडीएफवर, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर, मी फक्त वरच्या बाजूने व्हेनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, लावलं होतं, मागची बाजू तशीच उघडी. मुंबईच्या हवेत ती उघडी बाजू ओल पिते आणि फुगते, वरची बाजू व्हेनिअर आणि पॉलिशखाली बंद असते म्हणून ती तेवढी फुगत नाही, मग वाकणारच ना. आता मी मागेही तेवढ्याच जाडीचं साधं व्हेनिअर लावते, दोन्ही बाजू एकाच वेळी फेविकॉल लावून, मध्ये बटर पेपर घालून, दोन प्लायच्या तुकड्यांमध्ये दाबून शिकंज्यात रात्रभर. यंदाचा पूर्ण पावसाळा बाल्कनीच्या दाराशीच ठेवले होते मुद्दाम, एकही हलला नाही.

हे चिनी डिझाइनचं वेड लागलं ते काळा घोड्याच्या म्युझियममुळे. तिथे टाटांच्या संग्रहातली चिनी भांडी आहेत, ती बघून आले आणि घरी येऊन रात्री दोन वाजेपर्यंत फोनवर चिनी नक्ष्या शोधत बसले, त्यात हा तडकलेला बर्फ सापडला. कांगशी बादशहाच्या काळात (१६६१ ते १७२२) निळ्या-पांढऱ्या बरण्यांवर हा यायचा, निळ्या जमिनीवर बर्फाच्या भेगा आणि त्यावर प्लमची पांढरी फुलं, म्हणजे थंडी सरतेय, बर्फ फुटतोय, वसंत येतोय. त्यांच्याकडे खिडक्यांच्या लाकडी जाळ्यांमध्येही हीच नक्षी असते.

आणि व्हेनिअरसाठी ही नक्षी म्हणजे वरदान आहे. सगळ्या रेषा सरळ, त्यामुळे फ्रेटसॉ, म्हणजे नक्षी कापायची बारीक करवत, नसली तरी चालतं, स्टीलपट्टी आणि धारदार कटर पुरतो. फक्त एक गोष्ट पाळायची, रेषा एकमेकींना छेदून पुढे जाता कामा नयेत. खरी भेग जुन्या भेगेपाशी येऊन थांबते, तसंच इथे प्रत्येक रेष दुसरीला टेकून संपली पाहिजे, फुली झाली की तो बर्फ न वाटता फुटलेली फरशी वाटते. मी दहा सेंटिमीटरच्या चौकोनात चौदा-पंधरा तुकडे बसवते, मेपलचे, आणि मध्ये शिसवीची दीड मिलीची पट्टी. प्रत्येक तुकड्यातले लाकडाचे रेषे वेगळ्या दिशेला फिरवायचे, मग उजेड पडला की एक तुकडा चमकतो आणि शेजारचा मंद दिसतो, अगदी बर्फासारखं.

व्हेनिअर रे रोडच्या लाकूड बाजारातून आणते. पूर्ण शीट परवडत नाही, पण कटपीस मागितले की मिळतात, आधी दोन दुकानांत नाही म्हणाले, तिसऱ्या दुकानातल्या काकांनी अख्खी गोणी समोर ओतली आणि म्हणाले निवड बेटा. शिसवी, साग, अक्रोड सगळं त्यातच.

फुलांच्या पाकळ्यांना सावली द्यायची ती गरम वाळूत. खारे शेंगदाणे भाजतात तशी बारीक वाळू कढईत तापवायची, पाकळी चिमट्यात धरून कड आत खुपसायची, काही सेकंद. तळाची वाळू जास्त गरम म्हणून कड गडद होते आणि वर रंग आपोआप फिकट होत जातो. ब्रशने ही मजा येत नाही, आणि घासलं तरी जात नाही कारण लाकूडच आतून भाजलेलं असतं. आधी एका कपट्यावर करून बघा, दोन सेकंद जास्त झाले तरी कोळसा होतो.

हो आणि एक, शिसवी आणि मेपल शेजारी असताना पॉलिश पेपर जोरात मारू नका, शिसवीची काळी भुकटी मेपलच्या रेषांत शिरते आणि सगळं मळकट दिसतं. मी स्क्रेपरने हलकेच खरवडते. कोस्टरला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, लावते, लाखेच्या पॉलिशवर गरम चहाचा कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं. लाख डब्यांसाठी, तिथे तिच्यासारखी झळाळी दुसऱ्या कशाला नाही.

सध्या आईसाठी डबा करतेय, तिच्या सुईदोऱ्याचा. आतून लाल, माझगावला डॉकयार्ड रोडजवळ ते १९१९ चं चिनी देऊळ आहे ना, तिथला लाल रंग डोक्यातून जातच नव्हता. झाकणावर पाच वटवाघळं. आईने कागदावरचं चित्र बघितलं आणि म्हणाली, "अगं, वटवाघूळ काय काढतेस डब्यावर, अशुभ असतं ते." मग तिला सांगितलं की चिनी भाषेत वटवाघळालाही फू म्हणतात आणि भाग्यालाही फू, उच्चार एकच, म्हणून ते शुभ. आणि पाच म्हणजे पाच सुखं, दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचाराची आवड आणि शेवटी शांतपणे येणारं मरण. ती भाजी निवडत होती, हात थांबला तिचा. म्हणाली, "हे शेवटचं चांगलंय गं."

चार कापून झालीत. पंख वाळूत छान भाजले गेलेत, टोकाला गडद, अंगाकडे सोनेरी. पाचव्यासाठी अक्रोडाचा घट्ट रेषांचा तुकडा हवाय, गोणीतले सगळे बघून झाले, एकही पसंत पडला नाही. शनिवारी परत रे रोडला जाणार आहे, आईनेही सकाळी आठवण करून दिली, पाचवं नीट कर म्हणून.