चार शिखरं, तीन खिंडी

आपलं कळसूबाई ५४०० फूट. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांत एका दिवसात जी चार शिखरं आम्ही करणार होतो, त्यातलं सगळ्यात उंच प्लॅटो अवघं ३८४०. त्यामुळे घरी बसून सोपं वाटलं होतं. पण ही शिखरं जोडणाऱ्या डेव्हिल्स पाथ नावाच्या पायवाटेवर उंची बघायची नसते, खिंडी मोजायच्या असतात. इंडियन हेड, ट्विन, शुगरलोफ, प्लॅटो आणि त्यांच्यामध्ये तीन खिंडी, प्रत्येक आधीच्यापेक्षा खोल. घाम गाळून मिळवलेली उंची दर वेळी सोडून द्यायची आणि पुन्हा चढायला लागायचं.

जुलैतला शनिवार होता. सोबत माझा मावसभाऊ. पहाटे एक गाडी शेवटच्या टोकाला, स्टोनी क्लोव्ह खिंडीत लावली आणि दुसरीने प्रेडिगर रोडला आलो. सहाला चालायला लागलो. अंतर सुमारे वीस किलोमीटर. झाडांवर लाल चकत्या ठोकलेल्या आहेत, त्या धरून जायचं.

सह्याद्रीत मे महिन्यात ऊन भाजून काढतं. इथे डोक्यावर पानांचं गच्च छत, पण आत वाऱ्याची झुळूक नाही. पहिल्या चढावरच शर्ट पिळून काढण्याइतका भिजला. खडकाचे टप्पे आले की हात मुळांकडे जातात. एक मूळ अजून आठवतं, मनगटाएवढं जाड, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पकडीने जुन्या वाड्याच्या उंबरठ्यासारखं गुळगुळीत झालेलं. त्याच्यावर सगळा भार टाकून वर आलो आणि मनापासून त्याला हात जोडले.

३५०० फुटांच्या वर जंगल बदलतं. मॅपल मागे पडतात, बाल्सम फर सुरू होतात. त्याच्या सुया बोटांत चुरडल्या की राळ आणि संत्र्याच्या सालीच्या मधला वास येतो. थकवा खरंच उतरतो त्याने.

शुगरलोफच्या माथ्यावर मावसभाऊ म्हणाला, "दादा, माझं पाणी संपलं." दोघांनी दोनच लिटर घेतलं होतं, ही आमची मोठी चूक. माझ्याकडचं उरलेलं वाटून घेतलं. पुढची उतराई मोठमोठ्या धोंड्यांवरून, गुडघ्यांचा अंत बघणारी. खाली मिंक हॉलोच्या निवाऱ्याजवळ झरा आहे. धार करंगळीएवढी होती, पण होती! गाळून घेत बाटल्या भरल्या, धपाटे खाल्ले. उन्हाळ्यात जाणार असाल तर माणशी तीन लिटरच्या खाली निघू नका, झरा आटलेलाही असू शकतो.

तिथून प्लॅटोचा १२०० फुटांचा चढ. दर शंभर पावलांना थांबत चढलो. वर मात्र नावाप्रमाणे पठार, दोनेक मैल फरच्या सावलीतून सपाट वाट. पश्चिमेच्या कड्यावर समोर हंटर पर्वत उभा. तिथे बराच वेळ कुणीच बोललो नाही.

गाडीपाशी पोचलो तेव्हा साडेसहा वाजले होते. रस्ता ओलांडून लाल चकत्या पुन्हा झाडीत शिरतात, वेस्ट किल पर्वताकडे. तो उरलेला अर्धा भाग आम्ही ऑक्टोबरमध्ये करणार आहोत.