मान वाकू द्यायची नाही : टॉय जातीच्या पिल्लांतला ॲटलांटोॲक्सियल आजार आणि घरची शुश्रूषा

पाच-सहा महिन्यांचं टॉय पॉमेरेनियन सोफ्यावरून उडी मारतं, केकाटतं आणि मग मान खाली घालून कोपऱ्यात बसून राहतं. उचलायला गेलं की पुन्हा केकाटतं. दोन दिवसांत बरं दिसतं, आठवड्याभराने तेच. घरात निदान होतं, "लचक भरली असेल." लचक असेलही. पण यॉर्कशायर टेरियर, चिहुआहुआ, टॉय पूडल, माल्टीज, पेकिनीज किंवा पॉम अशा चिमुकल्या जातीचं, वर्षाच्या आतलं पिल्लू असेल आणि दुखणं मानेत असेल, तर ॲटलांटोॲक्सियल अस्थिरता, म्हणजे मानेच्या पहिल्या दोन मणक्यांतला सांधा सैल असणं, आधी नाकारायची, मग लचक म्हणायचं.

मानेचा पहिला मणका ॲटलस, दुसरा ॲक्सिस. ॲक्सिसच्या पुढच्या टोकाला हाडाचा एक सुळका असतो, त्याला डेन्स म्हणतात. जात्याच्या खालच्या तळीत रोवलेल्या खिळीभोवती वरची तळी फिरावी तसा ॲटलस या सुळक्याभोवती फिरतो. सुळका आपल्या जागी धरून ठेवायला चिवट बंध असतात. टॉय जातींत हा सुळका कधी जन्मतः नसतोच, कधी खुजा राहतो, कधी सुळका ठीक पण बंधच कच्चे असतात. अशा वेळी मान खाली वाकली की ॲक्सिसचं पुढचं टोक वर उचललं जातं आणि मज्जारज्जूवर दाब येतो. म्हणजे धोका कुठल्या दिशेला आहे हे नक्की ठाऊक आहे: हनुवटी छातीकडे जाण्याच्या दिशेला. पुढची सगळी शुश्रूषा या एका गोष्टीवर उभी आहे.

लक्षणं साध्या दुखण्यापासून चारही पाय लुळे पडण्यापर्यंत काहीही असू शकतात. मधल्या पायरीवर पिल्लू झोकांड्या खातं, पंजे उलटे टेकवतं, नखं फरशीवर घासत चालतं. मागच्या पायांबरोबर पुढचेही पाय बिघडलेत का ते बघा. फक्त मागचा एक पाय उचलून लंगडत असेल तर बहुतेक गुडघ्याची वाटी सरकलेली असते, ती याच जातींत भरपूर दिसते. डॅशहाउंडची ती प्रसिद्ध मणक्यांमधली गादी सरकण्याची तक्रार सहसा तीन वर्षांपुढच्या कुत्र्यांची, पिल्लांची नव्हे. डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक विषाणूजन्य आजार), मेंदूच्या आवरणाची सूज, डोक्यात पाणी साठणं आणि रक्तातली साखर उतरणं यांतही पिल्लू डळमळतं. साखरेचा मुद्दा खाली पुन्हा येईल.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगायची: "बघू दुखतं का" म्हणून मान वाकवून पाहू नका. ही तपासणी घरी तर नाहीच, दवाखान्यातही करायची नाही.

निदानाला पहिली पायरी बाजूने काढलेला एक्स-रे, पिल्लू जागं असताना, मान सरळ ठेवून. ॲटलसची वरची कमान आणि ॲक्सिसचा वरचा कंगोरा यांतलं अंतर बघतात. टॉय जातीत ते ४-५ मिलिमीटरच्या पुढे गेलं की संशय बळावतो. सीटी स्कॅनमध्ये सुळका आहे की नाही ते नीट कळतं, एमआरआयमध्ये मज्जारज्जूची अवस्था. दोन्हींना भूल लागते, आणि इथे मेख आहे: जागेपणी मानेचे आखडलेले स्नायूच सांधा धरून ठेवत असतात, भूल दिली की ते सैल पडतात. त्यामुळे गुंगीचं इंजेक्शन देण्याआधीच डोकं-मान आधारावर हवी. मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा महालक्ष्मीचं टाटा ट्रस्ट्सचं हॉस्पिटल, नागपुरात तिथलं महाविद्यालय अशा मोठ्या ठिकाणी जाणार असाल तर निघण्यापूर्वी फोन करून दीड किलोच्या पिल्लाला भूल देऊन स्कॅन होईल का, हे विचारून घ्या. यॉर्कशायर आणि माल्टीजमध्ये यकृताच्या रक्तवाहिनीचा जन्मजात दोषही सापडतो, तोही भुलीआधी तपासायला सांगा.

शस्त्रक्रियेत मानेच्या खालच्या बाजूने जाऊन दोन मणके बारीक स्क्रू किंवा पिनांनी आणि बऱ्याचदा हाडाच्या सिमेंटने जखडतात. पिल्लाचं हाड कोवळं, स्क्रूला पकड देईल इतकी जाडी नाही, आणि शेजारीच श्वास चालवणारी केंद्रं. जोखीम खरीच आहे. पण पाय लुळे पडत चालले असतील, किंवा ब्रेस (डोकं-मान हलू न देणारा बाहेरचा कडक आधार) काढल्यावर दुखणं उलटलं असेल, तर शस्त्रक्रियेलाच प्राधान्य. दुखणं नवीन, लक्षणं सौम्य, पिल्लू फारच लहान असेल तर आधी ब्रेस आणि पिंजरा. अमेरिकेत २००५ साली शस्त्रक्रियेविना उपचार केलेल्या १९ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लक्षणं महिन्याच्या आत असताना उपचार सुरू झालेली कुत्री त्यात जास्त चांगली सावरली. म्हणून "थोडे दिवस वाट बघू" हा सल्ला इथे महागात पडतो.

ब्रेस नेमकं काय करतो? हाड जोडत नाही. सांध्याभोवती व्रणाचे तंतू तयार होऊन तो आवळला जाईपर्यंत हालचाल थांबवतो, इतकंच. त्याला किमान सहा आठवडे, बऱ्याचदा आठ ते बारा लागतात. ब्रेस कानांच्या पुढून डोक्यावरून, हनुवटीखालून सुरू होऊन पुढच्या पायांच्या मागे छातीपर्यंत जायला हवा. नुसता मानेभोवती गुंडाळलेला मऊ पट्टा उपयोगाचा नाही, कारण डोकं मोकळं राहिलं की सांधा हलणारच. चाटू नये म्हणून घालतात तो प्लास्टिकचा फनेलही नको: भिंतीला अडकतो आणि मानेला हिसका बसतो.

आतून बाहेर असे थर असतात: पातळ सुती मोजा, त्यावर कापसाचा रोल, मग हनुवटीपासून छातीच्या हाडापर्यंत खालच्या बाजूने साच्यात बसवलेलं फायबरग्लासचं किंवा गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकचं कवच, आणि वरून क्रेप किंवा स्वतःलाच चिकटणारं बँडेज. कान बाहेर काढलेले हवेत. आत दुमडले तर आठवड्यात कान पिकतो. ब्रेस नेहमी डॉक्टरांकडेच बदलायचा, दोन माणसांनी: एकाचं काम फक्त डोकं आणि मान एका रेषेत धरणं. पिल्लू वाढत असतं, सोमवारी सैल वाटलेला ब्रेस पुढच्या सोमवारी आवळू शकतो, म्हणून दर आठवड्याला उघडून तपासणी ठरलेली. घरी रोज सकाळ-संध्याकाळ एवढं बघा:

– कडेने एक बोट सरकतं का, आणि जबडा करंगळीएवढा उघडतो का. तोंड न उघडल्यास धापा टाकता येत नाहीत, आणि कुत्र्याला अंग थंड करायला तोच मुख्य मार्ग.
– जबड्याखाली, काखेत, कानामागे लाली, ओल, केस गळणं, आंबूस वास. वास आला तर आठवडा पुरा व्हायची वाट बघायची नाही.
– डोळे. ब्रेसची कड बुबुळाला घासली की जखम होते. डोळा मिचकावणं, पाणी, पांढुरकेपणा दिसला तर त्याच दिवशी दवाखाना.
– हनुवटी आणि कवचाच्या मध्ये अडकलेलं अन्न.

पावसाळ्यात कोकणात, मुंबईत कापूस आतून दमट राहतो आणि कातडी सडते. मे महिन्यात विदर्भात पिल्लू ब्रेसमध्ये भाजून निघतं. दोन्हींवर एकच उपाय, खोली २४-२६ अंशांवर आणि कोरडी. ओला झालेला ब्रेस हेअर ड्रायरने वाळवू नका. बदला.

दुसरा अर्धा उपचार म्हणजे पिंजरा. दीड-दोन किलोच्या पिल्लाला साधारण ६० × ४५ सेंटीमीटर पुरतं: उभं राहता यावं, वळता यावं, झोपता यावं, धावता येऊ नये. वरून झाकण हवंच, नाहीतर पिल्लू मागच्या पायांवर उभं राहून कडेला लोंबकळतं. तळाला योगा मॅटचा तुकडा, म्हणजे पाय घसरत नाहीत; झोपायला घट्ट, सपाट फोम, त्यावर लहान बाळांची धुता येणारी ड्राय शीट. उशी नको. पिंजरा दारासमोर ठेवू नका, बेल वाजली की पिल्लू उसळतं. दिवाळीचे फटाके किंवा गणपतीचे ढोल जवळून वाजणार असतील तर ते दिवस आतल्या खोलीत, खिडक्या लावून, आणि शांत ठेवणाऱ्या औषधाबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून.

उचलताना एक तळवा छातीखाली, त्याच हाताच्या कोपरापर्यंतच्या भागावर पोट आणि मागचे पाय, दुसरा हात डोक्यामागे. डोकं, मान, पाठ एका रेषेत. मानेचं कातडं धरून उचलायची सवय घरातल्या सगळ्यांची मोडा, आजी-आजोबांचीही. गळ्यातला पट्टा कायमचा काढून टाका. शी-शूसाठी नेताना छातीचा हार्नेस, तोही उचलून न्यायचं आणि ठेवायचं, चालवायचं नाही. रक्त काढायला मानेची शीर वापरू नका, पायाची घ्या, हे दवाखान्यात प्रत्येक नव्या माणसाला सांगावं लागतं. पिंजऱ्यावर मोठ्या अक्षरांत "मान वाकवू नये" लिहून चिकटवलेलं बरं.

ब्रेसमध्ये मान खाली जात नाही, म्हणून भांडं तोंडाच्या उंचीवर, साधारण १०-१२ सेंटीमीटर उंच पाटावर. अन्न ओलसर, मऊ, छोटे घास होतील असं; दिवसातून चार वेळा. पाणी उथळ वाटीत. पीत नसेल तर सिरिंजने ओठांच्या बाजूने एका वेळी एक-दोन मिलिलिटर, तोंड वर न करता. तोंड आभाळाकडे करून पाजलं की पाणी श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटं पिल्लाला आडवं न करता छाती-पोट टेकवून बसू द्या.

आता साखर. टॉय पिल्लू दुखण्यामुळे एक जेवण चुकवतं आणि सहा-आठ तासांत त्याची साखर उतरते: मलूल, थरथर, झोकांड्या. मालकाला वाटतं मज्जारज्जू बिघडला. अशा वेळी अर्धा चमचा ग्लुकोज पावडर चमचाभर पाण्यात कालवून हिरड्यांना बोटाने चोळा. गिळत नसेल तर तोंडात ओतू नका. काही मिनिटांत तरतरी आली तर कारण बहुधा साखर, तरी डॉक्टरांना कळवाच. तरतरी आली नाही तर थेट दवाखाना.

औषधांचं प्रमाण डॉक्टर ठरवतील, पण मोजण्याची जबाबदारी घरातली. उदाहरण घ्या: मेलॉक्सिकॅम या सूज-वेदनेवरच्या औषधाचं नेहमीचं प्रमाण पहिल्या दिवशी किलोला ०.२ मिलिग्रॅम, पुढे रोज ०.१ मिलिग्रॅम. दर मिलिलिटरला १.५ मिलिग्रॅमवालं द्रव असेल तर दीड किलोच्या पिल्लाला पुढचा डोस होतो ०.१ मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन थेंब. ०.१ च्या जागी १ भरलं की दसपट. म्हणून सुई काढलेली एक मिलिलिटरची बारीक सिरिंज घ्या आणि डॉक्टरांकडून तिच्यावर पेनने रेघ मारून घ्या. मेलॉक्सिकॅम आणि प्रेडनिसोलोन (हे स्टेरॉइड) एकत्र कधीच नाही. पोटात व्रण होऊन रक्तस्राव होतो. एक डॉक्टर सोडून दुसऱ्याकडे जाताना हीच चूक सर्वांत जास्त होते, कारण आधीच्याने काय दिलं ते कोणी विचारत नाही. घरातली कॉम्बिफ्लॅम, क्रोसिन, डायक्लोफिनॅक यांतलं काहीही नको. गॅबापेंटिन या वेदनेवरच्या औषधाचं माणसांसाठीचं पातळ रूप असेल तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) नाही ना ते बाटलीवर वाचा, ते कुत्र्यांना विषारी आहे. दर आठवड्याला पिल्लाचं वजन करा. दहा किलोचा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. वजन बदललं की डोसही बदलतो.

चारही पाय गेलेल्या पिल्लाचं काम वेगळंच असतं. दर तीन-चार तासांनी कूस बदलायची, तीही ओंडक्यासारखी, अख्खं अंग एकदम. लघवी दिवसातून तीन-चार वेळा झाली पाहिजे. होत नसेल तर मूत्राशय दाबून रिकामं करायचं तंत्र डॉक्टरांसमोर हातानेच शिकून घ्या. मानेच्या दुखापतीत मूत्राशयाचं तोंड घट्ट आवळलेलं असतं, जोर लावला तर इजा होते. अशा वेळी आधी औषधाने ते सैल करतात. लघवीने कातडी जळू नये म्हणून पुसून, वाळवून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. बाळांच्या रॅशवरची झिंकवाली मलमं चाटली तर विषारी ठरतात.

दगा होतो तो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. दुखणं थांबलेलं असतं, पिल्लू पिंजऱ्यात नाचतं, रडतं, घरच्यांचं मन द्रवतं आणि कोणीतरी "पाचच मिनिटं" म्हणून सोडतं. आतले तंतू तेव्हा नुकते धरू लागलेले असतात. आमचं मत सरळ आहे: औषधाने वेदना पूर्ण मारलेल्या पिल्लाला पिंजरा अधिक कडक हवा, कमी नाही. त्याचा कंटाळा डोक्याने घालवा, पायांनी नाही. चाटायला थोडं दही पसरलेली चटई तोंडाच्या उंचीवर, वासाचे खेळ, जमिनीवर त्याच्या नजरेच्या पातळीला बसून गप्पा. ओढाओढीची खेळणी आणि कडक हाडं नकोत.

श्वास उथळ किंवा अडखळत झाला, हिरड्या निळसर पडल्या, उभं राहणारं पिल्लू अचानक कोसळलं तर थांबू नका. ट्रेवर किंवा सपाट फळीवर आडवं ठेवा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या, अंगावरून चिकटपट्टी. मांडीवर घेऊन रिक्षात बसणं टाळा, प्रत्येक खड्ड्याला मान झुकते.

ब्रेस निघाल्यावर आणखी तीन-चार आठवडे पिंजरा, मग एका खोलीत, मग हार्नेसवर पाच मिनिटांचं चालणं, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत. सोफा, पलंग, जिना आणि मोठ्या कुत्र्याशी दंगामस्ती कायमची बंद. या पिल्लापासून पैदास करायची नाही. नसबंदी किंवा दात साफ करण्यासाठी पुढे कधी भूल द्यावी लागली तर श्वासाची नळी घालताना डोकं कसं धरायचं, हे भूल देणाऱ्या डॉक्टरांशी आदल्या दिवशीच बोला आणि जुने एक्स-रे सोबत न्या.