परीक्षानळीतला गडद निळा
पाण्याच्या तपासणीत वाईट निकाल नवे नसतात. पण ज्या पाणथळीच्या पुनरुज्जीवनाचे सगळीकडे कौतुक चालले होते, तिच्याच सांडव्यावरच्या नमुन्याने त्या दिवशी मला हादरवले. मॉलिब्डेट आणि ॲस्कॉर्बिक आम्ल घातल्यावर पाण्यात विरघळलेले फॉस्फेट जितके जास्त, तितका निळा रंग गडद होतो. आत येणाऱ्या पाण्याचा नमुना जेमतेम निळसर झाला. बाहेर पडणारे पाणी दिसायला नितळ, पण त्याचा नमुना इतका गडद झाला की तो पातळ करून पुन्हा मोजावा लागला. पाणी गाळून पुढे पाठवावे म्हणून उभी केलेली ही जागा खालच्या तलावाला स्फुरद, म्हणजे फॉस्फेटमधला शैवाल पोसणारा फॉस्फरस, पुरवत होती, आणि त्या तलावाच्या काठाशी नीलहरित शैवालाची हिरवी साय जमली होती.

कारण मातीत होते. तिथे वर्षानुवर्षे खते घालून शेती झाली होती. हवा खेळत्या मातीत लोहाची ऑक्साइडे स्फुरद धरून ठेवतात; पण निचऱ्याचे चर बुजवून पाणी साठवले की जिवाणू मातीतला ऑक्सिजन संपवतात, लोहाचे क्षपण होते, म्हणजे त्याची ऑक्साइडे विरघळू लागतात, आणि इतकी वर्षे अडकून पडलेला स्फुरद पाण्यात सुटतो. तळाशी सोडलेल्या ऑक्सिजन मापकाचा आकडा शून्याजवळ घुटमळत होता, आणि वर काढलेल्या काळ्या चिखलाला नासक्या अंड्यांचा वास होता.

फ्लोरिडातील अपॉप्का तलावाकाठची शेतजमीन १९९८ मध्ये अशीच पाण्याखाली आणली, तेव्हा तर मातीतली जुनी क्लोरीनयुक्त कीटकनाशके माशांत आणि माशांमधून पक्ष्यांत गेली, आणि त्या हिवाळ्यात पेलिकनसह शेकडो मासेखाऊ पक्षी मेले.

इथे बदके आणि बगळे परतले होते, हेही खरे, आणि पाणथळी परत आणायलाच हव्यात असे मी मनापासून मानतो. म्हणूनच प्रकल्पाच्या अहवालात पक्ष्यांची सविस्तर नोंद असावी आणि मातीची एकही तपासणी नसावी, याचा मला संताप आला.

संध्याकाळी सांडव्याला फळ्या लावून पाणी आतच अडवले. उरलेल्या तुकड्यात पाणी सोडण्याआधी वरचा खतावलेला थर खरवडून काढायचे ठरले आहे. भरलेल्या भागातला स्फुरद मात्र अनेक वर्षे सुटत राहील, आणि तोवर तलावाचे नमुने घेत राहावे लागणार आहेत.