डबल ऑर्डरचा सोमवार

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एका नमकीन कारखान्याचे सेल्समन जे ऑर्डर घेण्याचं ॲप वापरतात, ते आमचं ऑफिस सांभाळतं. ॲप जुनं आहे. जावा या भाषेत लिहिलेलं, प्रत्येक स्क्रीनची वेगळी ॲक्टिव्हिटी (अँड्रॉइडमध्ये एका स्क्रीनच्या कोडला हेच म्हणतात) असलेलं, आणि लिहिणारा केव्हाच पुण्याला निघून गेलेला. काम साधंच. दुकान निवडायचं, लौंग सेव किती किलो, रतलामी किती, खट्टा-मीठा किती ते भरायचं आणि पाठवायचं. वर्षभर कुणाची तक्रार नव्हती. मग नवरात्र संपलं, दिवाळीचा माल सुटायला लागला आणि एकाच दुकानात एकाच दिवशी दोनदा माल जाऊन पडू लागला.

कारखान्याचे शेठ फोनवर फार बोलत नाहीत. त्यांनी परत आलेल्या कॅरेटांचा फोटो पाठवला आणि खाली एक प्रश्नचिन्ह. झालं.

पहिला संशय नेहमीचाच. नेट मंद, बटण दोनदा दाबलं गेलं, ऑर्डर दोनदा गेली. पण त्याचा बंदोबस्त आधीपासून होता. फॉर्म उघडला की त्याला एक क्रमांक मिळतो आणि त्याच क्रमांकाची ऑर्डर दुसऱ्यांदा आली तर सर्व्हर ती घेत नाही. इथे दोन्ही ऑर्डरींचे क्रमांक वेगळे होते. शिवाय माल अगदी सारखा नव्हता. एकीत लौंग सेव पाच किलो, तर दुसरीत सहा. बटण दोनदा दाबल्याने किलो वाढत नाहीत. म्हणजे कुणीतरी खरोखर दोन फॉर्म भरले होते.

सेल्समन लोकांचं म्हणणं एकच: “ॲप पहिल्या पानावर येऊन जातं. भरलेलं सगळं जातं.” कधी होतं? “कधीपण.” ऑफिसात आम्ही आपापल्या फोनवर करून पाहिलं. फॉर्म अर्धा भरला, होम दाबलं, इकडे तिकडे फिरून परत आलो. फॉर्म जागेवर. मेमरी कमी पडली की अँड्रॉइड मागे गेलेलं ॲप मारून टाकतो, ते असेल असं वाटून डेव्हलपर ऑप्शन्समधलं (प्रोग्रामरांसाठीच्या लपवलेल्या सेटिंगमधलं) ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ चालू केलं, म्हणजे सोडलेली स्क्रीन लगेच मारली जाते. पण त्यात वेगळं दिसतं. सिस्टिमने ॲप मारलं तरी परत आल्यावर स्क्रीन तीच उभी राहते; फार तर तिच्यातले काही रकाने रिकामे होतात. इथे स्क्रीनच बदलत होती. फॉर्म सोडून थेट ॲपची होम स्क्रीन, म्हणजे पहिलं पान.

आमच्या टीममधल्या एकाने निष्कर्ष काढला की तक्रार करणारे सगळे पन्नाशीच्या पुढचे आहेत, त्यांना फोन जमत नाही. आकड्यांत हे खरं होतं, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला. तरुण पोरांकडून एकही तक्रार नव्हती. एवढ्यावर आम्ही फाइल बंद करून त्यांना ट्रेनिंगचा व्हिडिओ पाठवण्याच्या बेतात होतो.

अडलं ते आमच्या सपोर्टवाल्या मुलीच्या एका वाक्यावर. ती सहज म्हणाली, “ताई, हे सोमवारी-मंगळवारी जास्त येतं हं. बुधवारनंतर फोन बंद.” फोन न जमणाऱ्या माणसाला तो गुरुवारीही जमत नाही. मी शेठना विचारलं आणि पुढच्या सोमवारी त्यांच्या सगळ्यात जुन्या सेल्समनबरोबर लाइनवर, म्हणजे त्यांच्या ठरलेल्या दुकानांच्या फेरीला, गेले.

हे काका देवासचे, आता राहायला लोकमान्य नगरात. त्यांची लाइन मालवा मिल, पाटनीपुरा, परदेशीपुरा. सगळा गिरण्यांचा भाग. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, तेव्हापासूनची किराणा दुकानं त्यांना तोंडपाठ. कोणत्या दुकानात बाप बसतो, कोणत्या दुकानात मुलगा बसला की उधारी वाढते, हे ते स्कूटर चालवता चालवता सांगत होते. मला मात्र त्यांचा फोन बघायचा होता. अँड्रॉइड ९, काचेला तडा, भाषा हिंदी.

सकाळी डेपोतून निघायच्या आधी त्यांनी व्हॉट्सॲपचा ग्रुप उघडला. आमचं नवं बिल्ड, म्हणजे ॲपची नवी आवृत्ती, रविवारी रात्री तिथे पडतं. ॲप प्ले स्टोअरवर नाही, कारखान्यापुरतंच आहे. त्यामुळे एपीके, म्हणजे ॲप इन्स्टॉल करायची फाइल, ग्रुपवर टाकायची ही पद्धत जुनीच. काकांनी फाइल दाबली, इन्स्टॉल झालं, खाली ‘खोलें’ आलं ते दाबलं, लॉगिन केलं आणि फोन खिशात टाकला. मी हे सगळं पाहिलं आणि त्यात पाहण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही.

पाटनीपुऱ्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दुकानात ते झालं. काकांनी फॉर्म अर्धा भरला, दुकानदाराने भाव विचारला. भावाचा कागद फोटो करून गॅलरीत ठेवलेला. काकांनी होमचं बटण दाबलं, गॅलरीत भाव पाहिला, परत होम, आणि आमच्या ॲपच्या आयकॉनवर बोट ठेवलं. आधी लोगो, मग होम स्क्रीन.

“हे बघा, ताई. गेलं.”

मी काही बोलायच्या आत त्यांनी सवयीने नवा फॉर्म उघडून पहिल्यापासून भरायला घेतला. दुकानदार तोवर एक किलो वाढवून मोकळा झाला होता. ऑर्डर गेली, हिरवी खूण आली, होम स्क्रीन आली. ॲपमधून बाहेर पडायला काकांनी बॅक दाबलं आणि समोर पहिला, अर्धा भरलेला फॉर्म उभा राहिला. दुकानाचं नाव तेच, माल बराचसा तोच.

“आता ही अजून गेलीच नाही असं दाखवून राहिलंय,” काका म्हणाले आणि त्यांचं बोट ‘पाठवा’कडे निघालं.

मी जवळजवळ ओरडलेच. दुकानदार दचकला.

पहिली ऑर्डर कुठेच गेली नव्हती. ती खाली होती. अँड्रॉइडमध्ये एका ॲपच्या स्क्रीन एकावर एक रचल्या जातात, ती चळत म्हणजे बॅक स्टॅक. बॅक दाबलं की वरची निघते, खालची दिसते. काकांच्या फोनमध्ये तळाला होम, तिच्यावर अर्धा फॉर्म, आणि त्याच्यावर आणखी एक होम येऊन बसली होती. प्रश्न हा की ती दुसरी होम आली कशी? आयकॉन दाबल्यावर चालू असलेलं ॲप जसं असेल तसं पुढे यायला हवं, पहिल्यापासून सुरू व्हायला नको.

मालवा मिलच्या चौकात चहाच्या टपरीजवळ स्कूटर लावली, सीटवर लॅपटॉप ठेवला. काकांच्या फोनमध्ये डेव्हलपर ऑप्शन्स चालू करायला बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारावी लागते, ते पाहून त्यांनी विचारलं, “यात पैसे तर नाही कटणार?” केबल लावून एडीबीवरून (लॅपटॉपवरून फोन तपासायचं साधन) ॲक्टिव्हिटींची यादी काढली. त्या यादीत कोणती स्क्रीन कशावर आहे हे तर दिसतंच, पण टास्क, म्हणजे ती अख्खी चळत, कोणत्या इंटेंटने (स्क्रीन उघडायला सिस्टिमला दिलेल्या निरोपाने) सुरू झालं हेही लिहिलेलं असतं. आमचं टास्क ज्या इंटेंटने सुरू झालं होतं त्यात आमच्या पॅकेजचं नाव, म्हणजे ॲपची सिस्टिममधली ओळख, होतं. आयकॉन दाबल्यावर आलेल्या इंटेंटमध्ये ते नव्हतं. बाकी ॲक्शन मेन, कॅटेगरी लाँचर (‘ॲप पहिल्यापासून उघडा’ असं सांगणाऱ्या दोन खुणा), ॲक्टिव्हिटी तीच.

एवढाच फरक, पण तो पुरतो. आयकॉन दाबला की सिस्टिम आधी त्या ॲपचं टास्क शोधून पुढे आणते. मग आलेला इंटेंट आणि टास्क सुरू करणारा इंटेंट यांची तुलना होते. सारखे निघाले तर काम संपलं, आहे ती स्क्रीन दाखवायची. वेगळे निघाले तर सिस्टिम समजते की कुणीतरी नवी स्क्रीन मागतंय, आणि ती आहे त्याच चळतीवर चढवते. इन्स्टॉल झाल्यावरचं ‘खोलें’ जो इंटेंट पाठवतं त्यात पॅकेजचं नाव घातलेलं असतं. लाँचरचा, म्हणजे फोनच्या पानावरचा, आयकॉन ते घालत नाही. त्यामुळे आमची लोगोची स्क्रीन दुसऱ्यांदा सुरू झाली, तिने नेहमीसारखी होम उघडली आणि स्वतः बाजूला झाली. तिला बिचारीला खाली काय पडलंय याची कल्पनाच नव्हती. ऑफिसातल्या नव्या फोनवर मी नंतर हेच, अगदी ‘ओपन’ दाबून, करून पाहिलं. तिथे हा प्रकार होत नाही.

टपरीवर बसल्या बसल्या बाकीचं सगळं जुळत गेलं. सोमवार, कारण बिल्ड रविवारी रात्री येतं आणि ‘खोलें’ सोमवारी दाबलं जातं. बुधवारनंतर शांतता, कारण तोवर कधीतरी फोन बंद होतो, रीसेंट्समधून, म्हणजे अलीकडच्या ॲपच्या यादीतून, ॲप झटकलं जातं किंवा बॅक दाबत दाबत माणूस पार बाहेर पडतो. काकांसारख्या जुन्या फोनवर तळाच्या स्क्रीनवर बॅक दाबलं की ती संपते. (अँड्रॉइड १२ पासून तळाला आयकॉनवरून उघडणारीच स्क्रीन असेल तर ती संपत नाही, नुसती मागे सरकते.) टास्क एकदा मोडलं की पुढचं सुरू होतं ते आयकॉनवरूनच, आणि मग दोन्ही इंटेंट सारखे. आणि तरुण पोरं? त्यांचे फोन नवे असतात हे एक. दुसरं, ती आयकॉनपर्यंत जातच नाहीत. रीसेंट्स उघडतात, तिथून परत येतात, आणि रीसेंट्समधून टास्क आहे तसं पुढे येतं. काका आयकॉन दाबतात. फोन जमण्या-न जमण्याचा यात काही संबंध नव्हता. मला विचाराल तर आयकॉन दाबणारा माणूसच बरोबर वागत होता.

दुपारी ऑफिसात कारण सांगितल्यावर उपायांची रांग लागली. शेठना बॅकचं बटणच बंद करून हवं होतं. होम स्क्रीनवर बॅक दाबलं तर काहीच होऊ नये. डबल ऑर्डर त्याने थांबली असती हे खरं. पण खालचा अर्धा फॉर्म कायमचा गाडला गेला असता आणि सेल्समनचं “भरलेलं जातं” तसंच राहिलं असतं. दुसरी सूचना आमच्याच टीममधून आली: होम स्क्रीनला लाँच मोड (स्क्रीन कशी उघडावी हे ठरवणारी सेटिंग) ‘सिंगल टास्क’ लावा, मग दुसरी होम तयारच होणार नाही. बरोबर, होणार नाही. तीच तळाची होम वर येईल, आणि येताना आपल्यावरचं सगळं काढून टाकेल. म्हणजे ऑर्डर गेली हा आजवर काकांचा नुसता समज होता, तो आम्ही खरा करून दाखवला असता. लाँच मोड ही चीज मला एरवीही आवडत नाही. एका स्क्रीनची अडचण सुटते आणि नोटिफिकेशनवरून येणाऱ्या दुसऱ्या तीन वाटा बिघडतात, हे फार वेळा पाहिलंय.

खरा उपाय जुना आहे, अँड्रॉइडवाल्यांत बऱ्याच जणांना माहीत असलेला. लोगोच्या स्क्रीनने सुरू होताच स्वतःला दोन प्रश्न विचारायचे. मी या टास्कच्या तळाला आहे का? आणि मला लाँचरसारख्या इंटेंटने, म्हणजे मेन आणि लाँचर घेऊन, बोलावलंय का? तळाला नसेन आणि लाँचरसारखंच बोलावलं असेल, तर माझं इथे काम नाही. तिथल्या तिथे फिनिश. खाली जे असेल ते आपोआप दिसतं. दुसरा प्रश्न गाळू नये. आमच्याकडे योजनांच्या नोटिफिकेशन लोगोच्या स्क्रीनवरूनच पुढे जातात, पण त्यांचा इंटेंट वेगळा असतो. नुसतं ‘तळाला नाही’ एवढं पाहून स्क्रीन संपवली असती तर नोटिफिकेशन दाबून काहीच झालं नसतं, आणि पुढच्या सोमवारी शेठचं दुसरं प्रश्नचिन्ह आलं असतं.

कोडच्या या चार ओळी त्याच संध्याकाळी गेल्या. वेळ लागला तो दुसऱ्या कामाला: अर्धवट ऑर्डर फोनच्या डेटाबेसमध्ये ठेवायची आणि होम स्क्रीनवर दुकानाच्या नावासह दाखवायची. मेमरीअभावी ॲप मेलं तरी ऑर्डर राहावी म्हणून. खरं तर हे आधीपासून हवं होतं. शेठनी त्याचे वेगळे पैसे द्यायला थोडी घासाघीस केली, पण दिले.

पुढच्या सोमवारी मी काकांना फोन केला. ॲप ठीक आहे म्हणाले, भाव बघून परत येतो तर फॉर्म जागेवर असतो. पण ऑर्डर पाठवल्यावर ते अजून एकदा बॅक दाबून बघतात, खाली काही उरलंय का ते. मी म्हटलं, आता गरज नाही. ते म्हणाले, “राहू द्या ना ताई, बघायला काय जातं?”

ऑफिसच्या खणात आता एक अँड्रॉइड ९ चा जुना फोन आहे. बिल्ड ग्रुपवर टाकण्याआधी ते व्हॉट्सॲपवरून त्या फोनवर घ्यायचं, केबलने नाही. इन्स्टॉल झालं की ‘खोलें’ दाबायचं, फॉर्म अर्धा भरायचा, होम, मग आयकॉन. मध्यंतरी आलेल्या नव्या मुलीने त्या चार ओळी काढायची विनंती पाठवली होती, कारण तिच्या फोनवर त्यांनी काहीच फरक पडत नव्हता. तिला खण दाखवला.

राहिलंय ते वेगळंच. फॉर्मवर बॅक दाबलं की ‘ऑर्डर सोडायची का?’ असं आम्ही विचारतो, आणि ते ऑन-बॅक-प्रेस्ड या जुन्या फंक्शनमध्ये लिहिलेलं आहे. अँड्रॉइड १६ ला टार्गेट केलं, म्हणजे ॲप त्या आवृत्तीसाठी बनवलंय असं जाहीर केलं, की त्या आवृत्तीच्या फोनवर ते बोलावलंच जात नाही. मागची स्क्रीन आधी दाखवणारं नवं बॅक तिथे आपोआप लागू होतं आणि विचारणा नव्या कॉलबॅकमध्ये न्यावी लागते. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये, एक ओळ टाकून तूर्त ते टाळता येतं. ॲप प्ले स्टोअरवर नसल्यामुळे टार्गेट वाढवण्याचीही घाई नाही. दिवाळी होऊ दे, मग घेऊ, असं शेठशी बोलणं झालंय.