ग्रामसभेत अध्यक्षांसमोर विषय मांडताना

कर्नाटकातल्या खानापूर, बेळगाव तालुक्यांतल्या ग्रामसभांत पुष्कळ तक्रारी तोंडीच राहतात, इतिवृत्तात येतच नाहीत. नुसतं "गटार तुंबलंय" म्हणून भागत नाही. "मारुती मंदिर ते शाळा, अंदाजे ६० मीटर, फरशी फुटून माती आत गेलीय" असं लिहून द्या. दोन प्रती काढा. आपल्या प्रतीवर पीडीओंची (पंचायत विकास अधिकाऱ्यांची) सही, शिक्का, तारीख घ्याच. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे निवेदन मराठीत देता येतं. इतिवृत्त मात्र कन्नडमध्ये लिहितात, म्हणून सभा उठण्याआधी आपला मुद्दा अध्यक्षांना मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. लोकांत मिसळणारा अध्यक्ष याला चिडत नाही, उलट खर्चाचा अंदाजही तिथंच विचारतो. आणि कोऱ्या पानावर सही? कधीच नको, मागून काहीही लिहिलं जातं.